करेल म्हणजे कोण?

पुणे, बुधवार, दुपार

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

सोबत तुझा दम्याचा निळा पंप पाठवते आहे. फ्रिजवर, पावाच्या डब्यामागे राहिला होता. तू निघालास त्याच संध्याकाळी मावशींना फडकं मारताना सापडला. सॅकमध्ये दुसरा आहे हे तू दोनदा सांगितलंस, मला लक्षात आहे. त्यात किती उरलंय ते मात्र तू बघितलं नसणार. पंपाबद्दल एवढंच लिहायचं, असं ठरवून बसले आहे.

रविवारी तुझा बुलढाण्याहून मेसेज आला: ‘रेंज नाही. करेल फोन दोन दिवसांनी.’ आता तुझा चेहरा कसा झाला असेल ते कळतंय, पण आधी ऐकून घे. चष्मा लावून मी ते तीनदा वाचलं. करेल. कोण करेल? ‘करीन’ लिहिलं असतंस तर तू. ‘करेल’ म्हणजे तिसराच कुणीतरी. ज्यांच्याकडे उतरलायस ते? तिथला डॉक्टर? रात्री पावणेतीनला स्वयंपाकघरात दिवा लावून बसले होते. एका प्रत्ययापायी. हसू नकोस.

काल फोन आला तो अनोळखी नंबरवरून. हात कणकेचे, तशीच धावले. तूच होतास. ‘बरा आहे, पोचलोय, नंतर बोलतो’, आणि कट. तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. तुझ्या बोलण्यामागे एक बारीक शिट्टी होती, ती लाइनची होती की छातीची? तू ध्वनींचा अभ्यास करतोस, तूच सांग. आई म्हणून मला ती पंचवीस वर्षं ओळखू येते, पण फोनवर खात्री देता येत नाही.

तू निघायच्या आदल्या रात्री याच ‘करेल’वरून आपलं वाजलं. ताटावर भांडू नये हे तुला शिकवणारी मीच, आणि सुरुवातही मीच केली. तू म्हणालास, ‘आई, व्याकरणाचं काम हुकूम सोडणं नाही, माणसं कशी बोलतात ते नोंदवणं आहे. विदर्भात, खानदेशात लोक मी करेल म्हणतात, तिथे कुणाचं काही अडत नाही.’ मी म्हणाले, मग बोला काहीही. त्यावर तू ते पेठांचं काढलंस: आमची बोली प्रमाण ठरली ती काही जास्त शुद्ध होती म्हणून नव्हे, तर छापखाने, शाळाखातं आणि कोश-व्याकरणं लिहिणारे इथले होते म्हणून. आणि पानात अर्धी भाजी टाकून उठलास. तोंडली होती. तुझ्यासाठीच केली होती.

तू गेल्यावर मी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. (हो, स्टुलावर चढून. पडले नाही.) आजोबांच्या पत्रांत शोधलं. ते लिहितात, ‘विष्णू सर्व व्यवस्था करील.’ करील! मी जन्मभर वर्गात ‘तो करेल’ म्हणत आले. ‘बसेल’, ‘पडेल’ यांच्यातला तो एल ‘करील’मध्ये कधी घुसला ते मला कळलंसुद्धा नाही. आजोबांनी माझ्या तोंडून ते रोज ऐकलं असणार. एकदाही टोकलं नाही. की टोकलं आणि मीच विसरले?

तर तेवढं तुझं बरोबर. पण माझी हरकत अजून उभी आहे. करील काय आणि करेल काय, दोन्हीकडे ‘तो’च आहे. आपण बोलताना ‘मी’ नेहमी थोडाच म्हणतो? ‘येईन’, ‘करीन’, झालं. त्या न वर सगळा भार असतो. तो काढलास तर ‘मी’ तरी लिहायला हवं होतंस. ‘मी करेल’ असतं तर मी रात्री झोपले असते. भाषा एकीकडे सोडते ते दुसरीकडे भरून काढते, हे तुझंच वाक्य. मग भरायचं होतंस.

हे लिहिता लिहिता दुसरंच आठवलं. तुला सांगितलेलं नाही. सहावी ब मध्ये एक मुलगी होती, शेवटच्या बाकावरची. धडा वाचताना ‘पानी’ म्हणाली. मी तिला उभं करून दहा वेळा ‘पाणी’ म्हणायला लावलं. दहाही वेळा ‘पानी’च आलं. वर्ग हसला, आणि मी त्यांना थांबवलं नाही. त्यानंतर वर्षभर त्या मुलीने वाचायला हात वर केला नाही. मागच्या दिवाळीत तू चहात बिस्कीट बुडवत सहज सांगितलंस, की मूळ संस्कृत पानीय, तिथे न च आहे, ण नंतर प्राकृतात आला. म्हणजे तेव्हाच्या कुणा शास्त्रीबुवांना माझं ‘पाणी’ गावंढळच वाटलं असतं. तू पुढचं बिस्कीट घेतलंस. मी उठून आत गेले, तुला वाटलं दूध बघायला. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकवणं, मराठीत काय ते तुला माहीत आहे. मी एका तासात दोन्ही करून दाखवलं.

तीन वर्षांचा असताना तू काय बोलायचास ठाऊक आहे? ‘बाबा हापिसात जाला.’ ‘मी करलं.’ घरात असं कुणीच बोलत नव्हतं, आणि मला काळजी, की पोराला बोलायला येणार की नाही. तू मोठा झाल्यावर मलाच समजावलंस, की मूल पोपटासारखं उचलत नाही. बसला, हसला, पडला ऐकून ते आपल्या मनाशी नियम बांधतं, मग जा चं जाला होणारच. गेला, केला हे मोठ्यांचे अपवाद, ते मागाहून पाठ होतात. म्हणजे ज्याला मी चूक म्हणून टिपत होते ते तुझं पहिलं व्याकरण होतं. बाबांना ते फार आवडायचं. चपला घालताना दारातून ओरडायचे, ‘मी जालो गं!’ शेवटपर्यंत. त्या पहाटे तेवढे म्हणाले नाहीत. बोलायला श्वासच नव्हता.

ही पहाट मला काढायची नव्हती.

म्हणून सांगते, कापसाच्या दिवसांत तिथे धूळ असणार. चुलीपाशी बसून शब्द लिहून घेऊ नकोस, त्या आजींना ओट्यावर बोलाव. रात्री खिडकीजवळ झोप. चारचौघांत पंप ओढायची लाज बाळगू नकोस, ‘हे औषध आहे’ म्हणून सांग, त्यांच्या भाषेत त्याला काही म्हणत असतील तर तेही लिहून घे. तपकिरी पंप सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी. आणि चुळा भरायच्या. झालं, सुरू झालं माझं भाषण. क्षमा कर. तीस वर्षं खडू धरलेला हात आहे, बोट आपोआप वर होतं.

परवा कुलकर्णीकाकू विचारत होत्या, मंदार तिकडे बुलढाण्याला काय करतोय? मी म्हटलं, जळगाव जामोदकडे निहाली नावाची भाषा आहे, जेमतेम दोन-अडीच हजार माणसं बोलतात. शेजारच्या कोरकूचे, आपल्या मराठीचे पुष्कळ शब्द तिच्यात शिरलेत, पण खालचं मूळ जगातल्या कुठल्याच ज्ञात भाषेशी जुळत नाही. आमचा मंदार ते ऐकायला गेलाय. नीट सांगितलं ना? काकूंनी विचारलं, पगार किती? मी म्हटलं, पगार हा शब्द पोर्तुगीज आहे. त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत.

पण रात्री तोच प्रश्न मलाही पडतो, खोटं कशाला सांगू. डेक्कन कॉलेजात तू मला संस्कृत कोशाची ती कपाटं दाखवलीस, चिठ्ठ्या-चिठ्ठ्या, तळापासून छतापर्यंत. १९४८ साली काम सुरू, पहिला भाग १९७६ ला, आणि कितीतरी खंड निघाले तरी लोक अजून ‘अ’तच. तुझे डोळे चमकत होते. मी मनात म्हणत होते, देवा, याला क्ष-ज्ञ पर्यंत पोचवायला कोण भाकरी घालणार आहे? तोंडाने म्हणाले, छान आहे हो. एका खणातली चिठ्ठी तू मला हातात धरू दिलीस. कागद पिवळा, कडा मऊ झालेली, कुणाचं तरी टपोरं अक्षर. लिहिणाऱ्याचं नावसुद्धा नाही. तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला, आणि तो सांगायचा सोडून मी विचारलं, इथे धुळीचा त्रास नाही ना होत?

व्याकरणकार पतंजलीचं ते कुंभाराचं तूच मला दाखवलंस. मडकं हवं असेल तर माणूस कुंभाराकडे जाऊन ‘करून दे’ म्हणतो, शब्द हवे म्हणून वैयाकरणाच्या दारात कुणी जात नाही. शब्द लोकांकडे आधीच असतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस तुझ्या बाजूने आहे, आता मी एकटी किती भांडू? आपला माठ मात्र गळतोय, कसब्यात कुंभारवाड्यात जायला हवं. तू आलास की जाऊ.

पाकिटात मेथीचे लाडू आहेत, त्या घरच्यांनाही दे. पोचलं की कळव.

तुझी,
आई

ता. क. पंपाच्या पाठीवर आकडा दिसतो, त्यात ११२ उरले होते. चालतोय का बघायला मी एकदा दाबला. म्हणून १११.