१६ ची एमसीबी पडते म्हणून ३२ ची बसवू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार

उन्हाळा लागला की पेपरात कुठं ना कुठं 'शॉर्टसर्किटने आग' ही बातमी असतेच. मी उद्यमनगरात पॅनेल वायरिंग करतो, जळालेले डीबी (स्विच-एमसीबींचे बॉक्स) उघडायची वेळ आमच्यावरच येते, म्हणून लिहितोय. शॉर्ट बऱ्याचदा अगदी शेवटी होतो वो, त्याआधी कितीतरी दिवस सॉकेटमागचा एखादा ढिला स्क्रू तापत असतो. तिथं रेझिस्टन्स वाढलेला, लोड आला की तापायचं, बंद केलं की गार, असं करत तो अजून ढिला होतो, आणि करंट वाढलेलाच नसतो त्यामुळं एमसीबीला, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडून सप्लाय तोडणाऱ्या स्विचला, यातलं काहीच कळत नाही. लोक म्हणतात एमसीबी होती तरी आग कशी लागली, ती अशी लागते!

आता दुसरी गंमत बघा. घरगुती एमसीबीत तापली की वाकून तिला पाडणारी दोन धातूंची (बायमेटलची) पट्टी असते, ती बाहेरचं तापमान ३० डिग्री धरून सेट केलेली असते. शिरोलीला पत्र्याच्या शेडमध्ये, पश्चिमेच्या भिंतीवर लोखंडी बॉक्स, एप्रिलची दुपार, आत चार लोडवाल्या एमसीबी एकमेकींना चिकटून, खाली ड्राइव्हची (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राची) गरम हवा थेट वर येतेय, मग १६ अँपिअरची एमसीबी १६ च्या आतच पडणार, त्यात तिचा काय दोष. पण मालकाला काम थांबलेलं चालत नाही, वायरमन येतो आणि ३२ ची टाकून जातो, झालं काम. वायर तीच २.५ चौरस मिमीची, पाइपातून गेलेली, तिला वीस-बावीस अँपिअरच्या वर झेपत नाही, आणि ३२ ची एमसीबी ३६ अँपिअरला तासभर तरी पडत नाही, खात्रीनं पडायची म्हटली तर ४६ च्या पुढं आणि तेही तासाभरात. तोवर वायरीचं इन्सुलेशन शिजतंय. एमसीबी वायरीसाठी असते, मशिनसाठी नाही, हे निम्म्या वायरमनना कुणी सांगितलेलंच नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

खर्च पण फार नाही. बॉक्स सावलीत घ्या, खाली-वर जाळी ठेवा, जड लोडच्या दोन एमसीबींच्या मधी स्पेसर टाका, पावसाळ्याआधी सप्लाय बंद करून सगळे स्क्रू एकदा आवळून घ्या. (स्पाइकगार्डचंही तेच, आतला एमओव्ही, म्हणजे जादा व्होल्टेज शोषून घेणारा भाग, व्होल्टेजच्या दर झटक्याला थोडा कमजोर होतो आणि मग नुसत्या व्होल्टेजवर तापायला लागतो, थर्मल कटऑफ नसलेला स्वस्तातला घेऊन गादीखाली सरकवू नका.)

तुमच्या बातमीदारांना एक विनंती, विद्युत निरीक्षकांचा रिपोर्ट आला की नेमकं काय जळालं, टर्मिनल, वायर का एमसीबी, आणि त्या जागी कितीची बसवली होती, तेवढं दोन ओळीत छापत जा.

– एक पॅनेलवाला, उद्यमनगर, कोल्हापूर