दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं

पुणे,
१२ एप्रिल

प्रिय शुभा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, सोबतचे दुधीचे फोटोही पाहिले. अंगठ्याएवढा होतो, पिवळा पडतो आणि गळतो, असं तू लिहिलंस. शेजारच्या काकांनी कीटकनाशकाची बाटली आणून दिली आहे आणि रविवारी फवारायचा बेत आहे, हेही वाचलं. अगं, थांब जरा. ती बाटली उघडूच नकोस. आधी गळलेली चार-पाच फळं उचल आणि सुरीने उभी चीर.

आत बारीक पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या, गर पाणचट आणि सडका असला, सालीवर टाचणी टोचल्यागत ठिपका आणि त्यातून पाझरलेला चिकट थेंब असला, तर ती फळमाशी. आत काहीच नसलं, गर कोरा, सालीवर टोचल्याची खूण नाही आणि पिवळेपणा फुलाच्या टोकाकडून देठाकडे चढलेला, तर त्या फळाला पराग मिळालेच नाहीत. वरवर पाहता दोन्ही फळं सारखीच, म्हणून लोक दोन्हींवर एकच औषध मारतात. परागच मिळाले नसतील तर फवारणीने आणखी वाटोळं होतं, कारण पराग नेणारे कीटकच त्यात मरतात. तुझ्या फोटोंत मला कुठे टोचल्याची खूण दिसली नाही, म्हणून माझा कल परागांच्या कारणाकडे आहे. खात्री मात्र चिरल्यावरच होईल.

दुधीची नर आणि मादी फुलं एकाच वेलावर, पण वेगवेगळी येतात. नर फूल लांब, बारीक देठावर असतं. मादी फुलाच्या मागे लव असलेला इवलासा दुधी आधीपासूनच असतो. सुरुवातीला नुसती नर फुलं येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उन्हाळ्यात दिवस मोठा आणि उष्मा जास्त असल्यामुळे नर फुलांचं प्रमाण एरवीपेक्षा वाढतं. त्यात नत्र जास्त झालं, म्हणजे युरिया किंवा भरमसाट पेंड घातली, की वेल नुसता पानांनी माजतो. तू दर आठवड्याला पेंडीचं पाणी घालतेस ना? ते तूर्त बंद कर.

खरी गोम आहे ती वेळेत. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी, ऊन उतरल्यावर उमलतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत मान टाकतं. ते उमलतं तेव्हा मधमाश्या पोळ्याकडे परतलेल्या असतात. त्याच्याकडे रात्री पतंग येतात, आणि शहरातल्या गच्चीवर पतंग किती येणार? दोडकाही संध्याकाळचाच. काकडी, कारलं, लाल भोपळा आणि घोसाळं ही सगळी सकाळची मंडळी, त्यांना मधमाश्या सांभाळून घेतात. तुझी काकडी भरघोस येते आणि तिच्या शेजारचाच दुधी गळतो, याचा मेळ मला तरी असाच लागतो.

तेव्हा पतंगाचं काम तुलाच करायचं आहे. दिवेलागणीला गच्चीवर जा. ताजं उमललेलं नर फूल तोड, पाकळ्या मागे वळवून काढून टाक, की मधला पिवळा परागदांडा मोकळा होतो. बोटाला लावून बघ, पिवळी भुकटी लागली पाहिजे. मग मादी फुलाच्या मधोमध जो जाडसर, तीन भागांचा गोंडा असतो, त्यावर तो दांडा हलक्या हाताने फिरव, तिन्ही भागांवर. घाईत एकाच बाजूला पराग लागले तर बिया एकीकडेच भरतात आणि दुधी वाकडा किंवा एका टोकाला बारीक होतो. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. फळ धरलं की दोन-तीन दिवसांत कळतं, देठ जाड होतो आणि फळ खाली झुकून भराभर वाढू लागतं. शुभा, हे एकदा आपल्या हाताने झालेलं बघशील ना, तेव्हा तुला जो आनंद होईल तो मला इथे बसून दिसतो आहे!

आता फवारणीचं. मधमाश्या वाचाव्यात म्हणून संध्याकाळी फवारावं, असं सगळे सांगतात आणि काकडी-कारल्यासाठी ते अगदी बरोबर आहे. दुधी-दोडक्याला मात्र तीच वेळ फुलाची असते. त्यांच्यावर काही मारायचंच झालं तर भल्या पहाटे, पानांच्या खालच्या बाजूने, फुलं चुकवून. आणि मारायचं ते निंबोळी अर्कच: लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची पूड, रात्रभर भिजत, सकाळी फडक्यातून गाळून त्यात थोडं साबणाचं पाणी. त्याच दिवशी संपव. तुमच्या नागपूरच्या उन्हात दुपारी फवारलंस तर पानं करपतील.

समजा, चिरल्यावर अळ्या निघाल्याच. तरी बाटली नकोच, कारण अळी फळाच्या आत असते, वरून मारलेलं तिच्यापर्यंत धड पोचत नाही. माशी कोवळ्या फळातच अंडी घालते. म्हणून फळ धरल्याबरोबर त्यावर जुन्या सुती कापडाची किंवा वर्तमानपत्राची पिशवी चढव आणि देठाशी सैलसर बांध. किडकी फळं कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये टाकू नकोस. अळी फळातून बाहेर पडून मातीत कोष करते आणि पुन्हा माशी होऊन वर येते. ती फळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेव आणि वेलाखालची वरची माती अधूनमधून हलव. माशीसाठी सापळा आणणार असशील तर क्यू ल्यूरचाच माग, म्हणजे वेलभाज्यांच्या माशीला ओढणारं गंधाचं आमिष असलेला. आंब्याच्या बागांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला रक्षक सापळा चांगलाच आहे, पण त्यातलं मिथाइल युजेनॉल आंब्याच्या माशीला ओढतं, वेलभाज्यांच्या माशीला नाही. दुकानदार पुष्कळदा तोच हातात ठेवतात. शिवाय क्यू ल्यूरवरही फक्त नर येतात, त्यामुळे माझा भरवसा पिशवीवरच जास्त.

आता चवळीचं. तिच्या शेंड्यावरचा मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, बोटाने पुसून काढ, वर पाण्याचा जोरदार फवारा मार आणि तिथे मुंग्यांची रांग असेल तर ती तोड, कारण माव्याचा गोड चिकटा मिळावा म्हणून मुंग्या त्याला राखतात. तिथेच काळपट, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी दिसणारी अळी दिसली तर तिला हात लावू नकोस. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी, मावाच खाते. भेंडीची पानं शिरांपासून पिवळी पडू लागली तर तो हळद्या रोग. पांढरी माशी तो पसरवते, त्याला औषध नाही, झाड उपटलेलंच बरं.

टोमॅटोचं दुःख करू नकोस. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर गेलं आणि रात्रही गार झाली नाही, की त्याचे पराग निकामी होतात आणि फुलं गळतात. तुमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत पारा जातो, तिथे शेडनेटनेही फारसं साधणार नाही. झाडं नुसती जगव. उन्हाळ्यात गवार, भेंडी आणि चवळीवर भर दे.

आणखी एक, आणि हे मला मनापासून सांगायचं आहे. आमच्या सोसायटीत कुंपणाच्या मेंदीवर फुलोरी मधमाश्यांचं तळहाताएवढं पोळं लागलं होतं. कुणाला काही त्रास नव्हता, तरी कुणीतरी रात्री औषध मारून ते पाडलं. सकाळी खाली मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. मला अजून त्याचा राग येतो. पोळं दिसलं की आधी झाडूच उचलला जातो, आणि मग तेच लोक विचारतात की कारली का धरत नाहीत. इथे पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, माश्या कशा पाळाव्यात ते शिकवते. आपण निदान असलेल्या तरी राखू. तुझ्या गच्चीवर उथळ ताटलीत पाणी ठेव, त्यात खडे घाल म्हणजे माश्या बुडणार नाहीत. उन्हाळ्यात पोळं गार ठेवायलाही त्यांना पाणी लागतं. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नकोस आणि थोडी कोथिंबीर फुलावर येऊ दे.

फळं चिरलीस की काय निघालं ते लगेच कळव, फोटोसह. काकांची बाटली नम्रपणे परत कर, त्यांचा हेतू चांगलाच आहे. तुझ्या आईंना माझा नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
नंदा

ता. क. पाकिटात घोसाळ्याचं बी घातलं आहे. मृगाचा पाऊस पडला की लाव, आणि वेलाला मांडव मात्र आधी बांधून ठेव.