फ्यूजनच्या इतिहासातील विसरलेला जो हॅरियट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रागसंगीत आणि पाश्चात्त्य संगीत यांच्या मेळाविषयी मराठीत जे लेख येतात, ते बहुतेक वेळा रविशंकर आणि बीटल्स यांच्यापासून सुरू होतात आणि जॉन मॅक्लॉफलिन व झाकीर हुसेन यांच्या ‘शक्ती’ या वाद्यवृंदापाशी थांबतात. त्यांत जमैकाचे जॅझ सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांचे नाव माझ्या तरी वाचनात आलेले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

हॅरियट यांचा जन्म १९२८ सालचा, किंग्स्टनचा. ते ननांनी चालवलेल्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये वाढले आणि तिथेच वाजवायला शिकले. पुढे जमैकाचे स्का हे नृत्यसंगीत घडवणारे टॉमी मकूक आणि डॉन ड्रमंड हेही याच शाळेचे. १९५१ मध्ये हॅरियट इंग्लंडला आले. १९५८ साली छातीच्या दुखण्याने रुग्णालयात पडून असताना त्यांना नवी वाट सुचली आणि १९६० मध्ये ‘फ्री फॉर्म’ या ध्वनिमुद्रिकेचे ध्वनिमुद्रण झाले. ठेका, कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचा) क्रम, मूळ धून यांपैकी काहीही सोडण्याची वादकाला मुभा होती, मात्र सगळेच एकदम सोडायचे नाही, असा त्यामागचा विचार होता. एखादा वादक मध्येच थांबला, तर ती शांतताही रचनेचाच भाग ठरे.

त्यानंतर मूळचे कोलकात्याचे संगीतकार जॉन मेयर यांच्याबरोबर त्यांनी ‘इंडो-जॅझ सूट’ ही ध्वनिमुद्रिका केली, जी १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सतारीवर दिवाण मोतिहार आहेत, तबल्यावर केशव साठे आणि तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर. ही शेवटची दोन नावे वाचून कोणत्या मराठी वाचकाचे कुतूहल जागे होणार नाही? मेयर यांच्या रचना रागांवर बेतलेल्या असल्याने जॅझवादकांना सवयीच्या कॉर्डऐवजी रागाच्या स्वरांत राहून वाजवावे लागले. कॉर्डचा आधार आधीच सोडून पाहिलेल्या हॅरियट यांना ते परके वाटले नसावे, असे त्यांचा धारदार, काहीसा रडवेला सूर ऐकताना मला वाटते.

१९६९ ची ‘हम दोनो’ तर आपल्या आणखी जवळची. मुंबईत जन्मलेले, गोव्याच्या कुटुंबातील गिटारवादक अमान्सियो डिसिल्व्हा आणि हॅरियट यांची ही संयुक्त ध्वनिमुद्रिका असून तीत ‘बॅलड फॉर गोवा’ नावाची रचनाही आहे. इतके असूनही तिची आठवण काढली जाते ती लंडनमध्ये, पणजीत किंवा मुंबईत नव्हे.

जानेवारी १९७३ मध्ये वयाच्या अवघ्या ४४व्या वर्षी हॅरियट कर्करोगाने गेले. साउथॅम्प्टनच्या बिटर्न भागात त्यांच्या थडग्यावर त्यांचेच एक वाक्य कोरले आहे. अमेरिकेचे विख्यात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांना उद्देशून असलेल्या त्या वाक्याचा भावार्थ असा: “पार्कर म्हणता? इकडेही हुकमाचे एक्के टाकणारे आहेत.”

माझी विनंती एवढीच, की आपल्या रविवार पुरवणीत साठे, पैगणकर आणि डिसिल्व्हा यांच्या लंडनमधील कामावर सविस्तर लेख यावा. त्यांच्या आप्तांकडे, शिष्यांकडे त्या काळातील छायाचित्रे किंवा पत्रे असतील, तर तीही आपण वाचकांकडून मागवावीत.

आपला,
एक वाचक, पुणे