अनगोळच्या सरांना, चंद्रशेखर शिकवल्याबद्दल

आदरणीय सर,

सादर नमस्कार. समोर बसून आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र.

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली आम्ही पोरं दहावीपर्यंत मराठी शाळेतली. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की सगळं एकदम इंग्रजीत, मध्येच कन्नड. दिवाळीपर्यंत बरीच पोरं आर्ट्सकडे वळायची. माझाही अर्ज लिहून तयार होता. त्याच दिवसांत तुम्ही संध्याकाळी घरी यायला सांगितलंत. फी नाही, घड्याळ नाही. शेवटची खानापूर गाडी तेवढी चुकवायची नाही. तुमचं मराठी कानडी हेलाचं, माझं कन्नड त्याहून मोडकं, पण अक्कांनी फोडणीचे चिरमुरे पुढे ठेवले की भाषेची अडचण कुणाला आठवत नसे.

मला खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर माहीत होते ते सामान्यज्ञानापुरते: रामन यांचे पुतणे, 1983 चं नोबेल. तुम्ही त्यांचं गणित काढलंत. 1930 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते मुंबईहून बोटीनं इंग्लंडला निघाले आणि वाटेत हिशेब मांडत बसले. श्वेतबटू ताऱ्याला, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्याला, इलेक्ट्रॉनांचा दाब तोलून धरतो, हे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ फाउलर यांनी 1926 साली दाखवलं होतं. पण तारा जड असेल तर आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पळतात, मग आइन्स्टाइनची सापेक्षता धरायला नको का?

हे तुम्ही नुसतं सांगितलं नाहीत, करून घेतलंत. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर डावीकडे गुरुत्वाकर्षण, उजवीकडे दाब. साध्या हिशेबात दाब घनतेच्या 5/3 घातानं वाढतो. तारा थोडा आकसला की दाब गुरुत्वाकर्षणाला गाठतो आणि तोल साधतो. सापेक्षता धरली की 5/3 चे 4/3 होतात आणि दोन्हीकडे, छेदात, त्रिज्येचा चौथा घात येतो. तुम्ही पेन्सिल माझ्या हातात दिलीत. ‘कर कट.’ त्रिज्या उडाली, उरलं फक्त वस्तुमान. म्हणजे सूर्याच्या सुमारे 1.4 पटीवर गेलेल्या श्वेतबटूनं कितीही आकसून घेतलं तरी सुटका नाही. आर्ट्सचा अर्ज मी त्याच आठवड्यात फाडला.

जानेवारी 1935 मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत नामवंत खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी भर सभेत हे सगळं उडवून लावलं, ही गोष्ट जो तो रंगवून सांगतो. मीही तापलो होतो. तुम्ही तिथं रेंगाळला नाहीत. ‘पुढं काय केलं त्यानं, ते बघ.’ चंद्रशेखर यांनी 1939 साली आपलं म्हणणं ग्रंथात मांडलं आणि विषयच बदलला. मग तारकागुच्छांमधल्या ताऱ्यांची गती, मग ताऱ्याच्या वातावरणातून वाट काढणारा प्रकाश, मग द्रवांचं स्थैर्य, साठी उलटल्यावर कृष्णविवरं. दर वेळी काही वर्षं बुडून काम, शेवटी जाडजूड ग्रंथ, की पुन्हा नव्या विषयाचे विद्यार्थी. शिवाय 1952 ते 1971 ॲस्ट्रोफिजिकल जर्नलचं संपादन. आणि 1982 साली एडिंग्टन यांच्या जन्मशताब्दीची व्याख्यानं केंब्रिजला जाऊन दिली ती यांनीच! (एवढं मोठं मन मला काही अजून झेपत नाही.)

नोबेल तुम्ही एका वाक्यात उरकलंत. तेव्हा चुकल्यासारखं वाटलं होतं. आता पीयूसीला मीच शिकवतो, तर मीही तेच करतो.

आईनं घरच्या तांदळाची पिशवी पाठवली तेव्हा तुम्ही नको नको म्हणत राहिलात. अक्कांनी मुकाट्यानं ठेवून घेतली आणि त्याच पिशवीत कुंदा घालून परत दिली. त्यांचेही आभार या पत्रातच मानतो.

एक काम आहे. माझ्या वर्गातली दोन मुलं 4/3 कुठून आलं म्हणून मला सोडत नाहीत. मी सांगतो, पण तुमच्यासारखं त्यांच्याकडून करून घेणं मला साधत नाही. दसऱ्याच्या सुट्टीत त्यांना घेऊन येतो. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं, तेव्हा माडीवर नको, खाली पडवीतच बसू.

तुमचा विद्यार्थी,
खानापूर