राखेच्या बुधवारसाठी जुन्या झावळ्या आणून द्या

समूहातील सर्व कुटुंबांना,

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे १० फेब्रुवारीपासून, ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होतोय. गेल्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्या घरोघरी क्रुसामागे वाळल्या असतील. कचऱ्यात टाकू नका. येत्या रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधील उपासनेनंतर) चर्चमध्ये द्या. त्याच जाळून कपाळावर लावायची राख तयार होते. मुलांच्या हातूनच आणवा, त्यांनाही ते कळू दे.

राखेच्या बुधवारी १८ ते ५९ वयाच्यांना उपवास, १४ वर्षांपुढील सर्वांना मांसाहार वर्ज्य. मासे चालतात, पण मेजवानी नको. आजारी माणसांनी, गरोदर भगिनींनी ओढाताण करू नये.

उपवासकाळात दर शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या एकेका प्रसंगापाशी (स्थानापाशी) थांबून केलेली प्रार्थना. क्लास आहे म्हणून मुलांना मागे ठेवू नका, एखादे स्थान त्यांना मोठ्याने वाचू द्या. पापनिवेदनासाठी फादर शनिवारी ५ वाजल्यापासून बसतील.