विहिरीवर कोण गेलं, हे फाइलला कसं कळणार?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन गटप्रकल्पांवरचा लेख वाचला. सगळ्यांची मिळून एक फाइल असली की कुणी किती काम केलं ते सरांना बसल्या जागी दिसतं, त्यामुळे आयतोबांची आता खैर नाही, असं लेखकमहाशय म्हणतात. महाशयांनी कधी विहिरीत टेप सोडून पाहिलाय का?

आमचा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणातला फील्ड प्रोजेक्ट म्हणून चौघांच्या गटाला विहिरींची पाणीपातळी मोजायचं काम मिळालं. विषय उत्तमच. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही निरीक्षण विहिरी मोजते, पावसाळ्याआधी आणि नंतर. हा आणि त्याचा मित्र मोटरसायकलवरून वाड्यावस्त्या पालथ्या घालत होते. कठड्यापासून पाण्यापर्यंत टेप सोडायचा, कठड्याची उंची वजा करायची, मालक नसला तर पुन्हा जायचं. एका वस्तीवर कुत्रं मागं लागलं, ते वेगळंच. शिवारात रेंज नाही, म्हणून आकडे वहीत आणि संध्याकाळी घरी आल्यावर व्हॉट्सॲपवर. गटातल्या एका मुलीकडे लॅपटॉप, ती ते गूगल शीटमध्ये भरायची. तिनं मनापासून केलं, तिच्याबद्दल तक्रार नाही. चौथा कुठे होता ते त्याचं त्याला माहीत.

सरांनी फाइलचा इतिहास उघडला. सगळीकडे तिचंच नाव. तिला पैकीच्या पैकी, आणि उन्हात रापलेल्या दोघांना 'सहभाग अत्यल्प' असा शेरा. चौथ्यालाही तोच! वही दाखवायला गेला तर म्हणे, ऑनलाइन नोंद हवी. मग एवढ्या ऑनलाइन कारभारानंतर स्पायरल बाइंडिंगच्या दोन प्रती कशाला मागितल्या?

शीटमध्ये आकडा चुकला तर चौघांनाही दिसतो, दुरुस्त केला की आलेख तिथल्या तिथे बदलतो. वहीत हे होत नाही, मान्य. पण फाइलला दिसतो तो फक्त टाइप करणारा. प्रत्येक नोंदीपुढे मोजणाऱ्याचं नाव आणि मोजल्याची वेळ, एवढे दोन रकाने ठेवा, हे प्रकल्प देतानाच मुलांना सांगायला काय हरकत होती?

ता. क. : लेखासोबतच्या छायाचित्रात विद्यार्थी हाताची घडी घालून उभे आहेत आणि माउस सरांच्या हातात आहे. त्याखाली 'एकत्रित संशोधनात रमलेले विद्यार्थी' अशी ओळ देताना आपल्या उपसंपादकांना हसू आलं नाही?

— एक पालक, वडूज (जि. सातारा)