काकू, तुम्ही मला घरात बसवलं नाहीत

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

वरच्या खोलीतून खाली येऊन तोंडानेच सांगता आलं असतं, पण तुम्ही आभाराचं बोलणं कधी पूर्ण ऐकून घेत नाही, मध्येच उठून चहा टाकता. म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते नागपुरात किरायाने राहणाऱ्या कितीतरी मुलींच्या कामी येईल. ‘नाव नको टाकू वं माझं’ ही तुमची अट पाळली आहे. खटला कोर्टात सुरू असल्यामुळे त्या माणसाबद्दलही फार लिहीत नाही. आधीच्या नोकरीत तो माझ्यासोबत होता, मी त्याला नकार दिला, तो त्याने मानला नाही आणि माझा पाठलाग सुरू केला, एवढं पुरे.

ज्या ज्या माणसाला मी हे सांगितलं, त्याने पहिला प्रश्न मलाच विचारला. तू त्याच्याशी हसून बोलायचीस का? फोटो टाकले होतेस का? तुम्ही विचारलंत, ‘शेवटचा फोन किती वाजता आला? कोणत्या नंबरवरून?’ किती दिवसांनी कोणीतरी त्याच्याबद्दल विचारत होतं, माझ्याबद्दल नाही. त्या एका प्रश्नासाठीच मी तुमची कायमची ऋणी आहे.

मग तुम्ही कपाटातून कापडी पाठीची लांब वही काढलीत, पट्टीने रेघा ओढल्या आणि रकाने लिहिलेत: तारीख, वेळ, ठिकाण, काय घडलं, कोणी पाहिलं, पुरावा कुठे ठेवला. कोर्टात नोकरीभर रोजनामा लिहिलेला तुमचा हात. पहिल्याच नोंदीत मी लिहिलं, ‘तो घाणेरड्या नजरेने बघत होता.’ तुम्ही ते खोडलंत. ‘नजर कोर्टाला दिसत नाही, पोरी. किती लांब उभा होता? किती वेळ? अंगात काय होतं?’ मग नोंद अशी झाली: सायंकाळी ६.४०, झाशी राणी चौक मेट्रो स्टेशन, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी, काळं जॅकेट, हातात हेल्मेट, मी आत जाईपर्यंत तिथेच, सुरक्षा रक्षकाने पाहिलं.

ही वही पुढे पोलिसांना दिली, पण तिचा पहिला उपयोग घरीच झाला. पानं भरत गेली तशी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली. माझी शिफ्ट बदलायची त्या दिवशीही तो बरोबर त्याच वेळेला स्टेशनवर असायचा. ‘हे त्याला कोण सांगून राहिलं?’ तुम्ही विचारलंत. शिफ्टचं मी फक्त आईला व्हॉट्सॲपवर कळवत होते. ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडलं तर आधीच्या ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर माझं व्हॉट्सॲप सुरू दिसलं. माझे हातपाय गार पडले. मी ते लगेच बंद करणार होते, तुम्ही हात धरलात. आधी त्या यादीचा स्क्रीनशॉट, शेवटचं कधी वापरलं त्या वेळेसकट, आणि मग लॉगआउट. त्याच रात्री गूगल खात्यावर कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत ते पाहिलं, मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग तपासलं, पासवर्ड बदलले आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं. बाईच्या इंटरनेट, ईमेल, मेसेजवर अशी पाळत ठेवणं हाच वेगळा गुन्हा आहे, तो मागे फिरला नसता तरी, हे मला तुमच्याकडून कळलं.

तुमच्या तोंडी अजून ‘३५४ ड’च येतं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतलं पाठलागाचं कलम. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली आणि २०१३ मध्ये कायदा बदलला, तेव्हा हे कलम आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ झालं आहे. बाईने इच्छा नसल्याचं स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा मागे येणं किंवा संपर्क करणं, असं त्यात लिहिलं आहे. म्हणून तुम्ही माझ्याकडून एकच मेसेज लिहून घेतलात: ‘मला तुमच्याशी कोणताही संपर्क नको आहे. यापुढे फोन, मेसेज करू नका, माझ्या मागे येऊ नका.’ मी आधी ‘सॉरी’ आणि ‘प्लीज’ घातलं होतं, कारणही दिलं होतं. तुम्ही तिन्ही काढून टाकलंत. कारण दिलं की तो त्या कारणावर वाद घालतो, हे खरंच आहे.

त्यानंतर एक अक्षरही उत्तर द्यायचं नाही, हे पाळणं सगळ्यात जड गेलं. ‘चाळीस फोन सोडलेस आणि एक्केचाळिसावा उचलून ओरडलीस, तर त्याला कळलं, एक्केचाळीस केले की ही बोलते,’ असं तुम्ही म्हणायचात. ‘शेवटचं एकदा भेट, मग कधी त्रास देणार नाही’ असा निरोप एका मैत्रिणीकरवी आला तेव्हा मी डगमगले होते. या शेवटच्या भेटीला जाऊ नये, हे मी आता प्रत्येकीला सांगते.

जुना नंबर बंद करायला निघाले, तेही तुम्ही थांबवलंत. तो नंबर जुन्या फोनमध्ये घालून, आवाज बंद करून तुमच्या टेबलाच्या खणात ठेवला आणि नवा नंबर मोजक्या लोकांना दिला. तिथे तो जे पाठवेल ते आपोआप जमा होत राहिलं. ते वाचायचं कामही तुम्हीच घेतलंत, मला फक्त गरजेपुरतं सांगायचात. त्यातच यूपीआयवरून एक रुपया आला. सोबत ओळ होती, ‘निळा ड्रेस छान दिसतो.’ मी रुपया परत पाठवायला निघाले होते. तुम्ही बँकेत जाऊन खात्याचं स्टेटमेंट काढायला लावलंत. त्यात त्याचं नाव, तारीख, व्यवहार क्रमांक सगळं छापून आलं. नव्या नव्या सिमवरून येणारे मेसेज त्याचेच आहेत हे दाखवायला जे जमत नव्हतं, ते त्या एका रुपयाने केलं.

आता घरच्यांचं. ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटच्या नांदोरी चौकात एका तरुण प्राध्यापिकेला तिच्या मागे लागलेल्या माणसाने पेट्रोल टाकून पेटवलं. आठवड्याने नागपूरच्या दवाखान्यात ती गेली. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्याला जन्मठेप झाली. विदर्भातल्या मुलींच्या आईबापांना ती बातमी विसरता येत नाही. मी घरी सांगितलं त्या रात्री माझे बाबाही वणीहून निघायला तयार होते, मला सामानासकट परत न्यायला. भीती खोटी नव्हती, म्हणूनच तुम्ही त्यांना ‘काही होत नाही’ म्हणाला नाहीत. ‘भाऊ, तिनं काहून नोकरी सोडायची? तो सोडून राहिला का?’ एवढं विचारलंत आणि आपण काय काय करणार आहोत ते क्रमाने सांगितलंत. दादा त्याला चौकात गाठून मारायच्या बेतात होता. ‘उलटी केस पडली की बहिणीची तक्रार बाजूला राहते आणि तूच तारखा करत बसतो,’ म्हणून त्यालाही तुम्हीच शांत केलंत. मला घरात न बसवता सुरक्षित ठेवता येतं, हे बाबांना पटवणारं दुसरं कोणी मला भेटलं नसतं.

रोजचं वागणं तुम्ही फार बदलू दिलं नाहीत, पण काही गोष्टी पक्क्या केल्यात. मेट्रोत महिलांच्या डब्यात बसायचं. सुभाषनगरला उतरल्यावर कधी या, कधी त्या रस्त्याने यायचं. कोणी मागे आहे असं वाटलं तर घराकडे वळायचंच नाही, पेट्रोल पंप, दवाखाना, पोलीस चौकी, जिथे उजेड आणि माणसं असतील तिथे शिरायचं आणि ११२ लावायचा. तुम्ही वॉचमन, कोपऱ्यावरचा किराणावाला आणि ऑफिसच्या रिसेप्शनवरची ताई, तिघांना त्याचा फोटो दाखवलात. मला लाज वाटत होती. ‘लाज त्याला वाटू दे,’ एवढंच म्हणालात.

पोलीस ठाण्यातला पहिला दिवस आठवला की अजून राग येतो. समोरच्या माणसाने ‘नंबर ब्लॉक करा, मॅडम, उगाच बदनामी होईल’ म्हणून परत पाठवलं. तुम्ही तिथेच बाकावर बसून तक्रार दोन प्रतींत लिहिलीत आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही घेतल्याशिवाय उठला नाहीत. हा दखलपात्र गुन्हा आहे, हद्द कोणतीही असो, गुन्हा नोंदवावा लागतो, बाईचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, एफआयआरची प्रत फुकट मिळते, हे सगळं तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत. तरी नोंदवला नाही तर वरिष्ठांकडे लेखी आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, हा पुढचा रस्ताही तुमच्या डोक्यात तयार होता. वरिष्ठांना पत्र गेलं आणि एका महिला उपनिरीक्षकांनी माझा जबाब शांतपणे, पूर्ण लिहून घेतला. त्यांचेही आभार. बायकांच्या मदतीसाठी नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे, १८१ आणि १०९१ हे हेल्पलाइन नंबर आहेत, सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आहे. पण तक्रार लेखी असली आणि तिची पोच हातात असली की बोलण्याचा सूरच बदलतो, हे मी स्वतः पाहिलं.

आणि तुम्ही मला खोटी आशा दाखवली नाहीत, याचे वेगळे आभार. पहिल्या वेळी हा गुन्हा जामीनपात्र असतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पुन्हा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. ‘तो सुटून येईल, त्या दिवसाची तयारी आजच कर,’ असं तुम्ही आधीच सांगितलं होतंत. म्हणून तो जामिनावर आला तेव्हा मी कोसळले नाही. दादा मला न्यायला आला होता, वॉचमनला माहीत होतं, नव्या वहीत पान उघडलेलं होतं.

वकिलाच्या फीची काळजी होती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेही तुम्हीच सांगितलंत आणि सिव्हिल लाइन्सला माझ्यासोबत आलात. (ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी १५१०० हा नंबर आहे.) स्क्रीनशॉटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन विकायचा, फॉरमॅट करायचा नसतो, हे तिथल्या वकील ताईंनी सांगितलं, तेव्हा तुमच्या खणातला तो जुना फोन जसाच्या तसा होता.

रात्री दचकून उठणं अजून पूर्ण गेलेलं नाही. त्यासाठी समुपदेशकाकडे जाते, फरक पडतो आहे. तुमच्याशी बोलूनही पडतो.

एक विनंती आहे. ऑफिसातल्या दोघी तुम्हाला भेटायचं म्हणतात. एकीच्या मागे लागलेला मुलगा तिच्या बहिणीच्या सासरचा आहे, म्हणून तक्रार करता येत नाही असं घरच्यांनी तिला सांगून ठेवलंय. दुसरीने सगळे मेसेज रागाने पुसून टाकलेत आणि आता काही करता येईल का, असं विचारते आहे. येत्या रविवारी चारनंतर त्यांना घेऊन आले तर चालेल का? लांब वह्या मी बर्डीच्या बाजारातून आणून ठेवते, रकाने तुम्हीच आखून द्या.

तुमचीच,
वरच्या खोलीतली